असेंब्लीच बदलावी लागेल, सर

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात चार वेळा ऐकलं. एकदा वॉशिंग मशीनबद्दल, एकदा गीझरबद्दल, एकदा इअरफोनच्या डबीबद्दल (तिथे माणसाऐवजी चॅटबॉट होता, पण 'सर' त्यानेही म्हटलं) आणि चौथ्यांदा बाबांच्या गाडीच्या डाव्या मागच्या दाराबद्दल. पहिल्या तीन वेळा मी मान डोलावून पैसे भरले. चौथ्या वेळी भांडलो. त्या भांडणात जे बोलायचं राहून गेलं ते इथे लिहितोय.

गाडी २००६ सालची. छोटी पेट्रोल हॅचबॅक, काचा हाताने फिरवायच्या, सेंट्रल लॉकिंग वगैरे काही नाही. बाबांनी ती कर्ज काढून घेतली तेव्हा मी चौथीत होतो. २०२१ साली तिची पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत नेऊन पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून आणली. पीयूसीत ती दरवेळी पास होते. पुण्यात महिन्यातून जेमतेम दोनशे किलोमीटर चालते, आणि त्यातले बरेचसे आजीला डॉक्टरांकडे नेण्या-आणण्याचे असतात.

तर एका शनिवारी आजीला गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवून परत येत होतो. आजी ८१ वर्षांची. ती नेहमी मागे डावीकडे बसते, कारण तिथून उतरलं की पाय फुटपाथच्या बाजूला पडतो. कर्वे रस्त्यावर औषधाच्या दुकानापाशी गाडी लावली, खाली उतरून बाहेरून तिच्या दाराचं हँडल ओढलं, तर ते हातात लुळं आलं. पलीकडे काही जोडलेलंच नसावं तसं. आतून उघडण्याचा प्रश्नच नव्हता. दिवाळीत भाची आली होती तेव्हा मीच त्या दाराचा चाइल्ड लॉक लावला होता आणि नंतर काढायला विसरलो होतो. शेवटी आजी सीटवरून इंच इंच सरकत उजव्या दारापर्यंत आली आणि धावत्या रहदारीच्या बाजूला उतरली. एक बाइक तिच्या पदराला घासून गेली. "काही झालं नाही रे, चल," म्हणाली. घरी पोचेपर्यंत तिचा हात थरथरत होता.

आता या दाराची गंमत बघा. बाहेरून उघडत नाही, कारण हँडल निकामी. आतून उघडत नाही, कारण चाइल्ड लॉक लागलेला. चाइल्ड लॉक काढायची छोटी खिट्टी कुठे असते? दाराच्या कडेवर. म्हणजे ती फिरवायला आधी दार उघडायला हवं. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात आणि मुलाखतीत त्यावर प्रश्न विचारतात. मी तो प्रश्न आतापर्यंत निदान वीस पोरांना विचारला असेल.

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, टॅब घेतलेला एक सभ्य मुलगा. त्याने हँडल दोनदा ओढून पाहिलं आणि टॅबवर बोट चालवलं. लॅच असेंब्ली, बाहेरचं हँडल, मजुरी, दार बंद असल्यामुळे जादा मजुरी आणि कर मिळून ७,४०० रुपये. पार्ट यायला बारा दिवस.

"नेमकं तुटलंय काय?" मी विचारलं.

"लॅच, सर."

"लॅचमधलं काय?"

"सर, लॅच असेंब्लीच येते."

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, त्याच नम्रपणाने. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून दुसरा मुलगा आला आणि या गाडीवर आज किती एक्स्चेंज बोनस मिळू शकतो ते सांगू लागला. ट्रिम काढून आत कुणी डोकावलं नव्हतं, आणि आम्ही नव्या गाडीच्या हप्त्यापर्यंत पोचलो होतो!

तिथे मी आवाज चढवला. बाबा मध्ये पडले नाहीत, पण गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या पोरावर कशाला ओरडलास? त्याच्या टॅबमध्ये जे येतं ते तो सांगणार."

बाबांचं हे वाक्य मला जिव्हारी लागलं, कारण त्या टॅबमध्ये काय येतं हे ठरवणाऱ्यांपैकी मी एक आहे.

मी ज्या कंपनीत काम करतो तिथे वर्कशॉप चालवायचं सॉफ्टवेअर बनतं. त्या सर्व्हिस सेंटरचं आमचं नव्हतं, पण जातकुळी एकच. जॉब कार्ड उघडलं की गाडीचा भाग निवडायचा आणि मग कृती निवडायची. तीन वर्षांपूर्वी कृतींच्या यादीत चार पर्याय होते: तपासणे, जुळवणे, दुरुस्त करणे, बदलणे. एका ग्राहकाकडून मागणी आली की 'दुरुस्त करणे' काढून टाका. कारण रास्त वाटण्यासारखं होतं. दुरुस्तीला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक चुकतं, अहवाल बिघडतात. बदलायला लागणारा वेळ मात्र कोष्टकात बसतो. तिकीट माझ्याकडे आलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं, जेवणाआधी संपवलं. कोड रिव्ह्यूमध्ये कुणीतरी अंगठा दाखवला. त्यानंतर त्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या हाताला येत असलेली एक गोष्ट यादीतूनच नाहीशी झाली, कारण जे यादीत नाही त्याची मजुरी लावता येत नाही, आणि ज्याची मजुरी लागत नाही ते कोण करेल?

म्हणून माझा राग त्या टॅबवाल्या मुलावर नाही. तो माझ्यासारख्यांवर आहे, जे यंत्राला कधी हात न लावता यंत्राबद्दलचे निर्णय यादीत टाकतात.

माझी पदवी मेकॅनिकलची आहे, हे सांगायला हवं. पुण्यात राहणाऱ्यांना यात काही विचित्र वाटणार नाही. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त आज कोडच लिहितात. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात रॅचेट आणि पॉलची आकृती मी पेन्सिलीने सुबक काढली होती, नावं दिली होती, मार्क मिळाले होते. दाराच्या लॅचमध्ये तेच असतं हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करायचा होता: दोन लोखंडी तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी तो वर्कशॉपच्या मदतनिसाकडून शे-दीडशे रुपयांत करून घेतला. मीसुद्धा. जर्नलमध्ये मात्र 'मी काळजीपूर्वक घासले' असं भूतकाळी लिहिलंय, खाली सरांची सही आहे.

त्या मदतनिसाला आम्ही नावाने हाक मारत होतो आणि ज्यांना कानस धरता येत नव्हती त्यांना 'सर'. आपल्याकडे हाताने काम करणारा खाली आणि कागदावर काम करणारा वर, ही उतरंड इंजिनिअरिंग कॉलेजने मोडायला हवी होती. तिने ती अधिक घट्ट केली. त्या उतरंडीला आणखी जुनं एक नाव आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोहार, सुतार, चांभार ही कामांची नावं आपण माणसांना जन्मतः चिकटवली आणि मग त्या कामांना शिवणं टाळलं. 'इंजिनिअर झालास ते हात काळे करायला का?' असं आई अजूनही सहज म्हणते. तिच्या मनात वाईट काही नसतं. म्हणूनच ते जास्त खोलवरचं आहे.

असो. दाराकडे वळू.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि बाबा बसलो. मागच्या सीटची बैठक काढून बाहेर ठेवली, म्हणजे आत वाकायला जागा झाली. दाराच्या आतल्या बाजूला जो रेक्झिन लावलेला पुठ्ठा असतो तो काढायचा होता. आतल्या हँडलच्या वाटीतला स्क्रू निघाला, आर्मरेस्टचे दोन निघाले, काच फिरवायचं हँडल काही निघेना. त्याला दिसेल असा स्क्रूच नाही. त्याच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक बारीक स्प्रिंग क्लिप असते. बाबांनी एक जुनं फडकं मागवलं, हँडल आणि पुठ्ठ्याच्या फटीत घातलं आणि दोन्ही टोकं धरून दाढी करणारा वस्तरा पट्ट्यावर घासतो तसं मागेपुढे ओढलं. क्लिप टप्पकन उडाली आणि शेजारच्यांच्या स्कूटरखाली गेली. हे ते कुठे शिकले? म्हणे, १९९१ साली ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरकडून.

पुठ्ठ्याच्या कडेने प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातल्या दोन तुटल्या, बाकी निघाल्या. त्यामागे काळ्या चिकट गमने लावलेला प्लास्टिकचा कागद. तो अर्धा सोलला आणि पत्र्याच्या भोकातून हात आत घातला. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मनगटावर अजून वण आहे. फुल बाह्यांचा शर्ट घाला.

लॅच कसं चालतं ते इथे सांगतो, कारण मला स्वतःला ते २८व्या वर्षी कळलं. घरच्या दाराला कडी आणि कोयंडा असतो तसंच हे, फक्त कडी फिरती असते. गाडीच्या चौकटीवर लोखंडी कोयंडा घट्ट बसवलेला असतो; त्याला स्ट्रायकर म्हणतात. दाराच्या कडेवर खाच असलेली एक फिरती चकती असते. दार आपटलं की स्ट्रायकर खाचेत शिरतो आणि चकतीला फिरवतो. चकती फिरली की शेजारची स्प्रिंग लावलेली छोटी खुंटी, म्हणजे आमच्या आकृतीतला पॉल, तिच्या दातात पडते आणि चकतीला मागे फिरू देत नाही. दात दोन असतात. पहिल्यावर अडकलं तर दार अर्धवट लागतं, म्हणजे खडखडतं पण उघडत नाही. दुसऱ्यावर अडकलं की पूर्ण लागतं. तो पहिला दात उगाच नाही. अपघातात दार उघडून माणूस बाहेर फेकला जाणं किती जीवघेणं असतं हे १९५०च्या दशकात नीट लक्षात आलं आणि १९५६च्या मॉडेलांत फोर्डने मजबूत लॅच सुरक्षेची गोष्ट म्हणून जाहिरातीत आणलं. आज दोन टप्प्यांचं लॅच हा आंतरराष्ट्रीय नियमांचा भाग आहे.

हँडल ओढल्यावर काय होतं? हँडलला जोडलेली एक सळी लॅचवरची तरफ दाबते, तरफ पॉलला उचलते, चकती मोकळी होते. आतलं हँडल दुसऱ्या सळीने तेच करतं; चाइल्ड लॉक फक्त ही दुसरी वाट तोडतो.

मी बोटांनी चाचपडत गेलो. बाहेरच्या हँडलची सळी सापडली. ती नुसतीच लोंबत होती. तिला तरफेत धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप, नखाएवढी, तुटून दाराच्या तळाशी पडलेली. तरफ बोटाने दाबली. हलेना. दोन बोटांनी जोर लावला, आणि खट् आवाज होऊन दार उघडलं. पार्किंगमधल्या थंड उजेडात ते दार उघडताना पाहून मला जे वाटलं ते पहिल्या पगाराला वाटलं नव्हतं.

पण तरफ हलायला जोर का लागला? इथे सगळं प्रकरण आहे. लॅचमधलं ग्रीस एकोणीस वर्षांत सुकून, धूळ खाऊन, मेणासारखं घट्ट झालं होतं. पॉल जड झाला, म्हणून हँडल जड झालं, म्हणून आम्ही सगळेच गेली दोनेक वर्षं ते जोराने ओढत होतो, आणि तो सगळा जोर उन्हाने ठिसूळ झालेल्या त्या क्लिपवर येत होता. क्लिप तुटली हा शेवट होता, सुरुवात ग्रीसची होती. नवी असेंब्ली बसवली असती तर दार चाललं असतं, पण उरलेल्या तीन दारांत तेच ग्रीस तसंच सुकत राहिलं असतं आणि का, ते कुणालाच कळलं नसतं.

उपाय कंटाळवाणा आहे. आधी स्प्रे मारून जुनं ग्रीस विरघळवायचं, टूथब्रशने घासायचं, पुसायचं. डब्ल्यूडी-४० इथवरच. लोक तोच स्प्रे मारून समाधानाने दार लावतात. तो बराचसा उडून जातो आणि महिन्याभरात पुन्हा करकर सुरू होते. साफ झाल्यावर पांढरं लिथियम ग्रीस, थोडंसंच. मग दार उघडं असताना स्क्रूड्रायव्हरने चकती फिरवून बघायची: टिक, टिक, दोन आवाज यायला हवेत. आणि हँडल ओढून ती मोकळी केल्याशिवाय दार आपटायचं नाही, नाहीतर बंद चकतीवर स्ट्रायकर आदळतो. मी एकदा आपटलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

क्लिप नाना पेठेत मिळाली. दुकानदाराने तुटलेला तुकडा हातात घेतला, उलटा केला, मागे न वळता एका डब्यात हात घातला. १५ रुपये. मी दोन घेतल्या. ग्रीस आणि स्प्रे धरून सगळा खर्च सहाशेच्या आत आला, आणि ते दोन्ही डबे अजून बरेच भरलेले आहेत.

ऑफिसात हे सांगितलं तर एकाने लगेच हिशेब मांडला: "तुझा तासाचा रेट काढ. सहा तास घालवलेस. ७,४०० स्वस्त पडले असते." हा युक्तिवाद आमच्या पिढीत इतका मुरलाय की त्याला कुणी उत्तरच देत नाही. मी देतो. एक, रविवारी सकाळचे माझे सहा तास कुणी विकत घेत नाही. ते मी रील्स बघण्यात घालवले असते आणि त्याचा रेट कधी कुणी काढला नसता. दोन, बारा दिवस आजी उजव्या दाराने रस्त्यात उतरली असती, त्याचा रेट कोण काढणार? आणि ज्याचा रेट खरंच कमी आहे, म्हणजे या देशातले बहुतेक लोक, त्यांच्यापुढेही तोच टॅब आणि तीच यादी येते. दुरुस्तीचा पर्याय श्रीमंतांनी छंद म्हणून निवडायची चीज झाली तर उरलेल्यांनी काय दोरी बांधून दार लावायचं?

'आता सगळं गुंतागुंतीचं झालंय, उघडून उपयोग नाही' असं म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. नव्या गाड्यांत लॅचमध्येच मोटर आणि सेन्सर असतात, खोकं रिव्हेट मारून बंद केलेलं असतं. चकतीचे दात झिजले असतील तर माझ्या गाडीचंही लॅच मी बदलेन, डोळे झाकून. तिथे कंजूषपणा म्हणजे जिवाशी खेळ. पण खोकं रिव्हेटने बंद करायचं की स्क्रूने, हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं. यंत्र आपोआप न उघडण्यासारखं होत नाही.

आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या, म्हणून. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२च्या जुलैत ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल आलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. त्याच २०२२ सालच्या १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. पण गाडीचं वय मोजायला तारीख पुरते असं मानणारं सरकार आणि 'असेंब्ली' म्हणणारा टॅब यांचा विचार एकच आहे: आत बघू नका. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यावर ती किती दुरुस्त होऊ शकतात याचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक झालं. कार त्या यादीत नव्हत्या. आपल्याकडे असे गुण छापले तर त्या यादीत दाराचं लॅच आलं पाहिजे, ही माझी मागणी. हसा.

गल्लीतल्या गॅरेजचं मी गुणगान करणार नाही. तिथे बारा-तेरा वर्षांची पोरं पान्हे उचलून देताना मी पाहिली आहेत. माणसं गाडीखाली जातात ती दोन विटांच्या भरवशावर, आणि कुणाचा विमा नसतो. पण त्या कळकट बाकड्यावर बसलेल्या माणसाला 'नेमकं काय तुटलंय?' असं विचारलं तर तो निदान हात काळे करून आत बघतो. वेटिंग रूममध्ये कॉफी मिळाली, हे उत्तर मिळालं नाही.

कामावर परत गेल्यावर मी तिकीट टाकलं: 'दुरुस्त करणे' हा पर्याय यादीत परत आणावा, वेळेचा अंदाज मेकॅनिकने स्वतः भरावा. दोन ओळींचं कारण लिहिलं. मॅनेजरने विचारलं, ग्राहकाने मागितलंय का? मी म्हटलं, ग्राहक म्हणजे कोण, वर्कशॉप की गाडीवाला? ती चर्चा तिथेच थांबली. तिकीट बॅकलॉगमध्ये आहे, प्राधान्य सर्वांत खालचं. दर दोन आठवड्यांनी प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये मी ते पुन्हा वर ओढतो आणि लोक उसासे टाकतात. टाकू देत.

चाइल्ड लॉक काढलाय. आजी पुन्हा डावीकडे बसते आणि दार पूर्वीइतकंच जोरात ओढते. आता एवढा जोर लागत नाही हे तिला तीन वेळा सांगून झालंय. स्कूटरखाली गेलेली काचेच्या हँडलची क्लिप सापडली नाही, तिच्या जागी बाबांनी तार वाकवून बसवली आहे. उजव्या मागच्या दाराचं हँडलही जड लागायला लागलंय. या रविवारी ते उघडणार आहोत, आणि त्या दोनांतली उरलेली क्लिप मी कुठे ठेवलीये ते शनिवारच्या आत शोधायचंय.